परदेशी विद्यापीठांशी करार, संशोधनाची सुरक्षा आणि आपली जिल्ह्यातली कॉलेजं

वेण्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. इथं शिक्षक, वकील, शेतकरी, परदेशात काम करणारे असे सगळेच आहेत, म्हणून हा विषय मांडते.

परदेशी सरकारं किंवा कंपन्या विद्यापीठांतल्या संशोधनात शिरून माहिती, नमुने, तंत्रज्ञान नेतात, कधी संशोधकांवर दबाव आणतात. ते रोखायचं कसं, यावर बऱ्याच देशांनी अलीकडं धोरणं केली. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये सरकार आणि विद्यापीठांनी एकत्र बसून मार्गदर्शक सूचना लिहिल्या. कॅनडानं २०२१ मध्ये आणि मग २०२४ मध्ये नियम आणले. युरोपीय संघानं २०२४ मध्ये सदस्य देशांना शिफारस केली. आपल्याकडचे नियम मात्र विखुरलेले आहेत. जैवविविधता कायदा २००२ चा. परदेशी निधीसाठी परदेशी अंशदान नियमन कायदा (एफसीआरए). लष्करी वापर होऊ शकेल अशा वस्तू आणि तंत्रज्ञानासाठी स्कोमेट यादी. आरोग्य संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत (आयसीएमआर) आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. शिवाय चिनी संस्थांशी करार करायचा तर २०१९ पासून आधी केंद्राची मंजुरी. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा.

आयआयटीसारख्या संस्थेला हे झेपतं, तिथं त्यासाठी माणसं असतात. आपल्या सातारा-सांगलीच्या कॉलेजात परदेशातून आलेला करार कोण वाचतं? प्राचार्य, तो विषय शिकवणारे एक-दोन प्राध्यापक आणि गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या) मूल्यांकनात सामंजस्य करारांना गुण आहेत, त्यामुळे करार आला की तो व्हावा असंच सगळ्यांना वाटतं. सरकारचं एक खातं करार करा म्हणतं, दुसरं जपून करा म्हणतं. 'जपून' म्हणजे नेमकं काय, ते कुणी शिकवत नाही.

आत्ता निमित्त असं, की आमच्याकडं एका परदेशी विद्यापीठाचा मसुदा आलाय. सही झालेली नाही, म्हणून नाव लिहीत नाही. विषय कास आणि आसपासच्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या वनस्पती आणि त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू. ज्यांनी सडे फक्त फुलांच्या हंगामात पाहिलेत त्यांच्यासाठी सांगते. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर असते. पावसाळ्यात डबकी साचतात, त्यात वायतुऱ्यासारखी इथलीच प्रदेशनिष्ठ वनस्पती येते, आणि एप्रिलमध्ये तोच खडक चटके देतो. काही गवतं तिथं पूर्ण वाळून जातात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होतात. हे त्यांना कसं जमतं, यात बियाणे कंपन्यांनाही रस असणार, कारण दुष्काळात तग धरणारं पीक सगळ्या जगाला हवंय.

मसुद्यात चार गोष्टी खटकल्या. वेगळे केलेले सगळे जिवाणू त्यांच्या संग्रहात जाणार. जनुकीय अनुक्रम (डीएनएमधल्या घटकांचा क्रम) तिकडं काढणार आणि मूळ माहिती त्यांच्या सर्व्हरवर राहणार. शोधनिबंध छापण्याआधी त्यांची लेखी संमती लागणार, पण आमची लागेल असं कुठं म्हटलेलं नाही. आणि पैसे कोण देतंय या जागी नुसतं 'भागीदार संस्था' लिहिलंय. बदल्यात आमच्या दोन विद्यार्थ्यांना तिकडं प्रशिक्षण आणि निबंधावर नावं.

मला हे सहकार्य हवं आहे. आमच्याकडं अनुक्रम काढायचं यंत्र नाही आणि येत्या काही वर्षांत येणारही नाही. म्हणूनच विचारते: सरकारचं धोरण कसं असावं, म्हणजे माझ्यासारखीला नकार न देता स्वतःला सांभाळून हो म्हणता येईल?

---

निवृत्त_कराडकर

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी पाटबंधारे खात्यात होतो, कोयनेच्या भागात बरीच वर्षं काढली. माझं मत थोडं कडक आहे.

ही भीती आजची नाही. १९६९ ते ७५ या काळात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं एक केंद्र होतं. पैसा अमेरिकी सार्वजनिक आरोग्य खात्याचा. संसदेच्या लोकलेखा समितीनं १९७५ मध्ये त्यावर अहवाल दिला. या माहितीचा उपयोग भारताला किती आणि दुसऱ्या देशाच्या जैविक युद्धाच्या अभ्यासाला किती, असा थेट प्रश्न त्यात विचारला होता. स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालण्याचा प्रकल्पही त्याच चौकशीत आला, कारण त्याचा निधी अमेरिकी लष्कराच्या एका कार्यक्रमातून आला होता. पक्षी मोजणारी माणसं प्रामाणिकच होती. पैसा कुठून येतो आणि माहिती शेवटी कुठं पोचते, हे त्यांच्या हातात नव्हतं.

म्हणून तुमच्या चार मुद्द्यांतला चौथा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. निधी देणाऱ्याचं नाव नसेल तर बाकीचं वाचायचीही गरज नाही.

---

शोधछात्रा_सांगली

काका, तुमचा मुद्दा पटतो. पण कडक म्हणजे काय होतं ते आम्ही २०२१ मध्ये पाहिलंय. १५ जानेवारीला शिक्षण मंत्रालयाचा आदेश आला: देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा भारताचे 'अंतर्गत प्रश्न' यांच्याशी संबंधित ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी परवानगी घ्या. अंतर्गत प्रश्न म्हणजे काय? भूजल? कुपोषण? ऊसतोडणी? सगळेच अंतर्गत. भारतीय विज्ञान अकादमीनं शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहून सांगितलं की यानं विज्ञानाची चर्चाच बंद पडेल. फेब्रुवारी संपायच्या आत तो आदेश मागे घेतला गेला.

त्या महिनाभरात आमच्या विभागातलं एक व्याख्यान रद्द झालं. विषय सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारं एक साधन, वक्ते कोरियाचे. सुरक्षेशी काडीचा संबंध नव्हता. पण परवानगी लागते की नाही हे विचारायचं कुणाला, हेच कळेना, म्हणून कुणी धोका पत्करला नाही. नियम संदिग्ध असला की आपल्याकडं कुणी तो मोडत नाही, सरळ कामच थांबवतात.

आणि आमच्या भागाचं वास्तव बघा. कोल्हापूरच्या विद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकलेली कितीतरी मुलं पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, दक्षिण कोरियात जातात. सांगली-साताऱ्याच्या खेड्यांतली मुलं आहेत ही. एकमेकांच्या ओळखीनं ही वाट तयार झाली. एका परिपत्रकानं ती बंद व्हायला वेळ लागणार नाही.

---

वकील_मिरज

धागा वाचला. आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, मग मत.

जैवविविधता कायद्याचं कलम ३: परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला, अगदी अनिवासी भारतीयालाही, इथलं जैविक संसाधन संशोधनासाठी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. कलम ४: संशोधनाचे निष्कर्ष अशा परदेशी पक्षाला द्यायचे तर तुम्हाला परवानगी लागते, पैसे घेतले नाहीत तरी. रीतसर शोधनिबंध छापणं किंवा परिसंवादात मांडणं यात येत नाही. कलम ६: यावर पेटंट मागायचं तर प्राधिकरणाशिवाय जमणार नाही.

कलम ५ मध्ये सूट आहे. दोन देशांच्या संस्थांमधला सहकार्य प्रकल्प केंद्राच्या धोरणाला धरून असेल आणि केंद्रानं मंजूर केला असेल, तर कलम ३ आणि ४ लागू होत नाहीत. बऱ्याच कॉलेजांची समजूत अशी असते की सामंजस्य करार झाला म्हणजे सूट मिळाली. तसं नाही. दोन प्राचार्यांनी सह्या करून केंद्राची मंजुरी येत नाही.

२०२३ च्या दुरुस्तीनं या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा गेली. आता दंड आहे, १ लाखापासून ५० लाखांपर्यंत, आणि नुकसान मोठं असेल तर त्याहूनही जास्त. अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजला ५० लाख म्हणजे काय, ते सांगायला नको. २०२५ च्या नव्या विनियमांत जनुकीय अनुक्रमांच्या डिजिटल माहितीचाही विचार केलाय, त्यामुळे 'नमुना गेला नाही, फक्त फाइल गेली' हा बचावही पुरणार नाही.

कासच्या पठारावर वनखात्याची परवानगी वेगळी लागेल. नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना सरकारनं ठरवलेल्या भांडारातच जमा करावा लागतो. तुमच्या मसुद्यातलं 'सगळे जिवाणू आमच्या संग्रहात' हे कलम याच्याशी जुळवून घ्यावं लागेल.

आता मत. कायदा पुरेसा आहे. कमी आहे ती करार होण्याआधी तो वाचणाऱ्या माणसाची. माझ्याकडं कॉलेजं येतात ती नोटीस आल्यावर.

---

हळदवाला_तासगाव

मी शेतकरी माणूस, हळद आणि द्राक्ष करतो. चुलत्यानं हा धागा पाठवला. थोडं बोलतो.

हळदीचं तुम्हाला ठाऊकच आहे. १९९५ ला अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन परिषदेनं, तेव्हा माशेलकर साहेब तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढं ठेवून ते आव्हानात आणलं, आणि १९९७ ला ते रद्द झालं. आमच्या आज्यानं नांगराच्या फाळाची जखम हळदीनं बरी केली तेव्हा कुणी कागद केला न्हाई. तिकडं भांडायला कागद लागला. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ ला, एवढ्या उशिरा.

मला विचारायचंय ते वेगळं. ह्या सगळ्या धोरणात शेतकरी कुठं आहे? कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं हळदीची 'फुले स्वरूपा' दिली, सोयाबीनच्या 'फुले संगम' आणि 'फुले किमया' दिल्या. आज मराठवाड्यापर्यंत लोक 'केडीएस' म्हणून ते बियाणं मागतात. हे संशोधन आमचं. उद्या त्याची माहिती, आई-बापाच्या वाणांची माहिती बाहेर गेली आणि कुणी तिकडून वाण तयार करून आम्हालाच विकला, तर? द्राक्षात आम्ही बघतोय. परदेशी वाण लावायचा तर रॉयल्टी द्या, काडी शेजाऱ्याला देऊ नका. त्यांचं संशोधन ते जपतात. आपण का जपू नये?

---

वेण्णाकाठ

दादा, लिहिलंत ते फार बरं झालं. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते आणि बियाणं राखून ठेवता, देता-घेता येतं. पण तुमचा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. वाणाची नोंदणी झाली तरी त्यामागची संशोधनाची वही, चाचण्यांची आकडेवारी, जनुकीय माहिती कुणाच्या संगणकावर आहे, याची नोंद होत नाही.

वकीलसाहेब, कलम ५ चं स्पष्टीकरण मी छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलंय.

---

पलूसकर_कॅनडात

मी मूळचा पलूसचा, आता कॅनडात एका विद्यापीठात संशोधक आहे. इथली व्यवस्था आतून पाहतोय म्हणून सांगतो.

मे २०२४ पासून इथं संवेदनशील तंत्रज्ञानाबद्दलचं नवं धोरण लागू झालं. ११ तंत्रज्ञान क्षेत्रं ठरवली आहेत आणि १०३ परदेशी संस्थांची यादी प्रसिद्ध केली आहे, बहुतेक चीन, इराण आणि रशियातल्या. त्या क्षेत्रांत पुढचं काम करायला केंद्राचं अनुदान मागायचं असेल, तर गटातल्या कुणाचाही त्या संस्थांशी संबंध नाही किंवा तिथून पैसे येत नाहीत, असं लिहून द्यावं लागतं. यादी सगळ्यांना दिसते, क्षेत्रं सगळ्यांना दिसतात. त्याबाहेरच्या कामाला हा नियम लागत नाही. शोधछात्राताई म्हणतात ती संदिग्धता इथं कमी आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. सरकारनं विद्यापीठांना यासाठी वेगळा निधी दिला. त्यातून 'संशोधन सुरक्षा' बघणारी माणसं नेमली गेली. मला एखाद्या प्रस्तावाबद्दल शंका आली तर मी त्यांना मेल करतो, ते करार वाचतात, काय बदलायचं ते सांगतात. ते पोलीस नाहीत. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून सरकारनं देशभरासाठी असा एक सल्ला कक्षच उघडलाय. कुठल्याही विद्यापीठातल्या माणसानं विचारावं, वेगवेगळ्या मंत्रालयांची माणसं मिळून उत्तर देतात.

पण वाईट बाजूही सांगतो. माझ्या प्रयोगशाळेत एक इराणी मुलगी आहे, फार हुशार. तिचं शिक्षण यादीतल्या एका संस्थेत झालं. नियमात जुन्या शिक्षणाला बंदी नाही, आत्ताच्या संबंधांना आहे. तरीही गट बनवताना लोक तिला टाळतात. कुणी काही बोलत नाही, फक्त तिचं नाव सुचवायचं राहून जातं.

आणि अमेरिकेत तर २०१८ ते २०२२ 'चायना इनिशिएटिव्ह' नावाखाली खटले भरले. हार्वर्डचे चार्ल्स लीबर चीनकडून मिळणाऱ्या पैशाबद्दल खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरले, ते खरंच. पण टेनेसीचे प्राध्यापक अनमिंग हू नोकरी गमावून, नजरकैद भोगून २०२१ मध्ये निर्दोष सुटले. एमआयटीच्या गँग चेन यांच्यावरचे आरोप सरकारनं २०२२ मध्ये स्वतःहून मागे घेतले. संशयावर उभं केलेलं धोरण माणसं खातं. आपण ते उचलू नये.

---

निवृत्त_कराडकर

पलूसकर, मुद्दा मान्य. माणसाच्या जन्मगावावरून संशय घेणं मलाही नको. पण नागालँडचं प्रकरण आठवतं का? वटवाघळं आणि त्यांची शिकार करणारे गावकरी यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. लेखकांच्या यादीत वुहानच्या विषाणू संस्थेतली दोन नावं होती, निधीत अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेचं नाव होतं. मग २०२० मध्ये चौकशी लागली की लागणाऱ्या परवानग्या घेतल्या होत्या का. भारतीय संस्थेनं सांगितलं की नमुने वुहानला गेले नाहीत. तोवर कोरोना आला होता आणि लोकांनी हवं ते पसरवलं.

मला त्यात खोडसाळपणा दिसत नाही. चांगलं विज्ञान होतं. पण कागद आधी पूर्ण असता तर त्या शास्त्रज्ञांना एवढं सोसावं लागलं नसतं. म्हणून मी म्हणतो, कडक नियम संशोधकाच्याच बाजूचा असतो.

---

फलटणचा_राम

सगळेजण काय गेलं ते मोजताहेत. काय आलं तेही बघू.

आमच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या मेंढ्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी लहानखुरी, पण तिला जुळी-तिळी होतात. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि तिथल्या 'बुरूला' मेरिनो मेंढ्यांत तोच जुळ्यांचा जनुक उतरला असं शास्त्रज्ञ मानतात. पुढं त्या जनुकाची ओळख पटली आणि रक्ताच्या थेंबावरून तो तपासता यायला लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलिया सरकारच्या कृषी संशोधन संस्थेच्या मदतीनं फलटणमध्ये काम झालं, आणि दख्खनी मेंढीत तो जनुक आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. माण-खटावच्या धनगराच्या कळपात ती गेली. एका वेताला दोन कोकरं म्हणजे त्या घराचं वर्षाचं गणित बदलतं.

दोनशे वर्षांपूर्वी गेलेली गोष्ट सहकार्यानं घरी आली. तेव्हा दार लावून घेतलं असतं तर काय झालं असतं?

---

निवृत्त_कराडकर

रामराव, हे उदाहरण फार चांगलं दिलंत. आणि खरं सांगायचं तर आमच्या कोयनेचंही तसंच आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आम्ही विसरणार नाही. धरणाच्या पाण्यामुळं भूकंप कसे होतात हे बघायला पाटण तालुक्यात गोठण्याला ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. आंतरराष्ट्रीय खोदकाम कार्यक्रमाचं सहकार्य होतं, परदेशी शास्त्रज्ञ आले, सल्ला दिला. पण प्रकल्प आपल्या भूविज्ञान मंत्रालयाचा. प्रयोगशाळा कराडला हजारमाचीत. खोदून काढलेले खडकांचे गाभे तिथंच ठेवलेत. ज्याला अभ्यास करायचाय त्यानं इथं यावं. धरणाचा परिसर असूनही हे जमलं.

---

वेण्णाकाठ

काका, मला हवं होतं ते तुम्हीच दिलंत. कोयनेत परदेशी आले, माहिती वाटली गेली, पण वस्तू इथं राहिली आणि प्रकल्पाचं नेतृत्व इथं राहिलं. फरक एवढाच, की तिथं मंत्रालय मागं उभं होतं. त्या अटी लिहून घ्यायला जाणती माणसं होती. माझ्या कॉलेजला त्याच अटी मागायच्या तर कोण उभं राहणार?

म्हणून माझं मत आता असं झालंय. कडक की सैल, यावर वाद घालून आपल्या कॉलेजांना काही मिळणार नाही. सरकारनं आधी सल्ल्याची सोय करावी. शिवाजी विद्यापीठासारख्या प्रत्येक राज्य विद्यापीठात दोन-तीन जाणकारांचा कक्ष असावा. संलग्न कॉलेजानं करार पाठवला की तीस दिवसांत लेखी उत्तर: यातलं हे कलम बदला, या कामाला चेन्नईची परवानगी लागेल, हे स्कोमेट यादीत येत नाही, करा. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढं जायची मुभा, जिथं कायद्यानं परवानगी लागते तेवढं सोडून. आणि नॅकनं करारांची संख्या मोजायचं थांबवून अटी कुणाच्या बाजूच्या आहेत ते बघावं.

---

वकील_मिरज

मुदतीचं कलम चांगलं आहे, पण 'उत्तर नाही म्हणजे होकार' हे सरकार लिहून देणार नाही, विशेषतः संवेदनशील विषयांत. त्याऐवजी असं मागा: कक्षाचा सल्ला घेऊन प्रामाणिकपणे काम केलं असेल, तर नंतर चूक निघाली तरी संशोधकावर व्यक्तिशः कारवाई होणार नाही. प्राध्यापकांना खरी भीती त्याचीच असते.

---

कुपवाड_यंत्रशाळा

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. तुमचं बोलणं झाडं, डास, मेंढ्या यावर चाललंय. आमच्याकडं वेगळा धोका आहे आणि तो कुणाच्या ध्यानात नाही.

स्कोमेट यादी विदेश व्यापार महासंचालनालयाची. त्यात काही प्रकारचे ड्रोन, त्यांची नियंत्रण यंत्रणा, काही अचूक यंत्रं, खास धातू, सेन्सर, सॉफ्टवेअर येतं. माल बंदरातून गेला तरच निर्यात असं लोकांना वाटतं. पण यादीतल्या तंत्रज्ञानाचं ड्रॉइंग मेलनं परदेशी सहकाऱ्याला पाठवणं हीसुद्धा निर्यातच. आधीच जगजाहीर असलेल्या माहितीला आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधनाला सूट आहे. मुलांचं काम यातलं नेमकं कशात बसतं, ते कोण ठरवणार? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, इंटर्नशिप देणारी परदेशी कंपनी, सगळी फाइल त्यांच्या क्लाउडवर. मुलगा बावीस वर्षांचा. त्याला स्कोमेट हा शब्दही माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मार्गदर्शकालाही नाही.

तेव्हा वेण्णाकाठ मॅडमच्या सल्ला कक्षात एक माणूस निर्यात नियंत्रण कळणारा हवाच. आणि पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतिमत्तेचा पेपर आहे, त्यात हे दोन तास घाला. नवीन कायदा लागत नाही त्याला.

---

शोधछात्रा_सांगली

+१. कोर्सवर्कमध्ये आम्हाला वाङ्मयचौर्य शिकवलं, करार कसा वाचायचा ते नाही. मार्गदर्शकांनी सांगितलं तिथं सही केली. माझ्या मोजमापांची मूळ फाइल कुणाच्या मालकीची आहे, हे मी आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

एक विनंती मात्र आहे. कक्षाचं नाव 'सुरक्षा' ठेवू नका. त्या नावाचं दार कुठलाही विद्यार्थी आपण होऊन ठोठावणार नाही.

---

हळदवाला_तासगाव

पैशाचं एक राहिलं. परदेशी पैसा संस्थेला आला तर काय? आमच्या भागातल्या एका संस्थेला मोठ्या संस्थेमार्फत मातीपरीक्षणाला पैसे मिळायचे, ते मधीच बंद झाले.

---

वकील_मिरज

एफसीआरएची २०२० ची दुरुस्ती. परदेशी निधी घेणाऱ्याला तो दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, आणि निधीचं खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. हेतू हिशेब स्वच्छ राहावा हा, पण खेड्यातल्या छोट्या संस्था मोठ्यांच्या आधारानं काम करायच्या त्यांची वाट बंद झाली. थेट नोंदणी करणं किंवा पूर्वपरवानगी घेणं हाच मार्ग, तो वेळखाऊ आहे.

---

पलूसकर_कॅनडात

वेण्णाकाठ ताई, मसुदा परत पाठवताना या गोष्टी मागा. इथल्या अनुभवावरून सांगतो, चांगलं विद्यापीठ यातलं काहीच नाकारत नाही. प्रत्येक जिवाणूची एक जोड भारतातल्या मान्यताप्राप्त संग्रहात राहील. मूळ अनुक्रम दोन्हीकडं एकाच दिवशी उपलब्ध असतील. छापण्याआधी दोघांनी एकमेकांना मसुदा दाखवायचा, मुदत तीस दिवसांची, अडवायचा हक्क कुणालाच नाही. निधी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव जोडपत्रात, मध्ये बदल झाला तर कळवणं बंधनकारक. तिसऱ्या पक्षाला काहीही द्यायचं तर तुमची लेखी संमती. ते यालाच अडले, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

---

फलटणचा_राम

आणि गाव? सडा कॉलेजचा नाही. जैवविविधता कायद्यात प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, लोकांची जैवविविधता नोंदवही आहे. त्या हद्दीतल्या संसाधनाबद्दल निर्णय घेताना प्राधिकरणानं समितीशी सल्लामसलत करायची असते. बऱ्याच गावांत ही समिती कागदावर आहे. ती उठवायला हे चांगलं निमित्त आहे. पठारावरची गर्दी आवरायला तिथली गावं एकत्र आली होती, तेव्हा त्यांना यातलं कळत नाही असं समजू नका.

---

वेण्णाकाठ

रामभाऊ, हे माझ्या यादीत नव्हतं. आता घेतलं.

पुढचं सांगते. मसुद्यातली चारही कलमं पलूसकरांनी सांगितल्याप्रमाणे बदलून, वकीलसाहेबांनी तपासून दिल्यावर परत पाठवणार आहे. त्यांनी निधीचं नाव दिल्याशिवाय प्राचार्य सही करणार नाहीत, तसं त्यांनी आज मला सांगितलं. चेन्नईचा अर्ज परदेशी विद्यापीठानं करायचा आहे, ते पत्रात स्पष्ट लिहितेय. पठारावरच्या दोन ग्रामपंचायतींना समितीच्या बैठकीसाठी पत्र जाईल. नोंदवही आहे का आणि शेवटची कधी भरली, हे आधी विचारणार आहे.

दुसरं पत्र विद्यापीठाला: सल्ला कक्ष, लेखी उत्तराची मुदत, प्रामाणिक संशोधकाला संरक्षण, आणि कोर्सवर्कमध्ये दोन तास. विद्या परिषदेवर शिक्षकांचे प्रतिनिधी आहेत, त्यांच्यामार्फत विषय ठेवता येईल. सांगली आणि कोल्हापूरच्या कॉलेजांतून अशीच पत्रं गेली तर जोर येईल. कुपवाडचे सर, अभियांत्रिकीचा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? यादीतल्या वस्तूंची उदाहरणं तुमच्या कारखान्यांतलीच द्या.

---

कुपवाड_यंत्रशाळा

देतो. रविवारी रात्रीपर्यंत इथंच टाकतो, म्हणजे वकीलसाहेबांना तपासता येईल.

---

निवृत्त_कराडकर

माझी सही दोन्ही पत्रांवर घ्या. निधीचं कलम पहिल्या क्रमांकावर असू द्या.